डिस्क-ब्रेकचें अस्तर व पाठपट्टी : जोडाची परीक्षा व निगा

दसरा ओलांडला कीं सिंदी (रेल्वे) येथील बाजाराच्या वाटेवर कापसाच्या गाड्यांची रीघ लागते. एके काळीं ही सर्व वाहतूक बंडीनें होत असे. बैलांनीं पाय रोवले कीं बंडी उभी राही. गाडीवानाची हांक हाच तिचा ब्रेक. आतां सेलडोह, केळझर, सेलू या बाजूंचा माल बहुतेक पिकअप गाड्यांतून व ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून येतो, आणि मालाचा धनी मोटारसायकलीवर बसून त्याच्या मागें येतो. वेग वाढला, वजन वाढलें, रस्ते गुळगुळीत झाले. परंतु या वेगास आवर घालणाऱ्या यंत्रभागाचें ज्ञान त्या मानानें वाढलें नाहीं.

पिकअपच्या व मोटारीच्या पुढील चाकांस आज बहुधा डिस्क-ब्रेक असतो. १२५ घन सेंटिमीटरवरील दुचाकींस १ एप्रिल २०१९ पासून एबीएस ही चाक न अडकूं देणारी योजना सक्तीची झाल्यापासून मोटारसायकलीच्या पुढील चाकावरही डिस्क खेडोपाडीं पोंचली आहे. हा ब्रेक तपासतांना मालक व मेस्त्री एकच प्रश्न विचारतात : लायनर किती उरला आहे ? प्रश्न योग्य आहे, पण अपुरा आहे. अस्तर किती उरलें हें पाहणारे पुष्कळ. तें आपल्या पाठपट्टीस धरून आहे कीं नाहीं हें पाहणारे थोडे. झिजलेलें अस्तर आवाज करून बरेच दिवस आधीं सूचना देतें. सुटलेलें अस्तर पुष्कळदां ऐन जोरानें ब्रेक दाबण्याच्या क्षणींच निसटतें. म्हणून आजच्या पाठांत आम्ही या एका जोडाचाच विचार करणार आहों.

१. रचना

चाकाबरोबर फिरणारी एक लोखंडी तबकडी असते, हीच डिस्क. तिला दोहों अंगांनीं कवेंत घेणारा, चिमट्यासारखा एक भाग चाकाशेजारीं न फिरतां उभा असतो. त्यास कॅलिपर म्हणतात. पेडल अगर लिव्हर दाबतांच नळींतील तेलाचा दाब कॅलिपरमधील पिस्टनास पुढें ढकलतो, आणि दोन पॅड तबकडीस दोन्ही बाजूंनीं आवळतात. या घर्षणानें चाकाची गति कमी होते.

प्रत्येक पॅड दोन वस्तूंचें बनलेलें असतें. मागील बाजूस पोलादाची जाड पट्टी असते. तीस आम्ही पाठपट्टी म्हणूं. तिच्यावर घर्षण करणाऱ्या पदार्थाचा थर असतो, तें अस्तर. गॅरेजांत यासच लायनर म्हणतात. अस्तर हा एकजिनसी पदार्थ नव्हे. त्यांत धातूचे व इतर तंतु, खनिजांच्या भुकट्या, ग्रॅफाइट, काजूच्या टरफलांतील तेलापासून केलेली भुकटी इत्यादि जिनसा असतात, आणि त्या सर्वांस फिनॉलिक जातीची राळ बांधून ठेविते.

आतां एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. कॅलिपरच्या खांचेंत जी वस्तु अडकून बसते ती पाठपट्टी होय. फिरती तबकडी जें ओढूं पाहते तें अस्तर होय. पट्टीस खांचेचा आधार आहे. अस्तरास मात्र पट्टीशीं असलेल्या जोडावांचून दुसरा आधार नाहीं. गाडीचा सारा वेग शेवटीं या जोडावर येऊन पडतो.

२. जोडावर किती भार येतो

हा भार किती, याची कल्पना साध्या हिशेबानें करतां येईल. समजा, मालासह २५ क्विंटल वजनाची पिकअप ताशीं ६० किलोमीटर वेगानें जात आहे आणि पुढें अचानक गुरें आल्यामुळें चालकानें जोरानें ब्रेक दाबला. अशा वेळीं गाडीस मागें खेचणारें बल सुमारें १५ क्विंटल वजनाइतकें धरावें. ब्रेक लागतांच गाडीचा भार पुढें झुकतो. म्हणून यांतील जवळजवळ दोन तृतीयांश बल पुढील दोन चाकांवर, म्हणजे दर चाकावर सुमारें ५ क्विंटल येतें.

परंतु हें बल टायरच्या काठावरचें झालें. पॅड तबकडीस जेथें धरतें तें ठिकाण आंसापासून टायरच्या काठाच्या मानानें एक तृतीयांश अंतरावर असेल, तर तेथें तिप्पट बल लागतें. म्हणजे तबकडीवर १५ क्विंटल, आणि पॅड दोन असल्यामुळें प्रत्येकावर साडेसात क्विंटल. कापसाची दाबलेली गांठ १७० किलोची धरिली तर चार गांठींहून अधिक भार एका तळहाताएवढ्या अस्तरास त्याच्या पट्टीवरून सरकवून टाकूं पाहतो.

अस्तराचें क्षेत्रफळ ५० चौरस सेंटिमीटर धरिल्यास दर चौरस सेंटिमीटरवर सुमारें १५ किलोचा ताण झाला. बदली पॅडांसाठीं संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा नियम क्रमांक ९० आहे; त्यांत या जोडाची किमान ताकद दर चौरस सेंटिमीटरास २५० न्यूटन, म्हणजे सुमारें २५ किलो ठरविली आहे. पंधरास पंचवीस, म्हणजे जोड अखंड असेल तर चिंता नाहीं. पण हाच जोड गंजानें अगर अन्य कारणानें निम्मा सुटला असेल, तर उरलेल्या निम्म्यावर दर चौरस सेंटिमीटरास ३० किलोचा ताण येईल. नियमाच्या काठावर बनविलेलें पॅड तेथें टिकणार नाहीं. अस्तर जाडीनें नवें असो कीं जुनें, त्यानें या हिशेबांत फरक पडत नाहीं.

यांत उष्णतेची भर पडते. वरील गाडी एकदां थांबवितांना जी उष्णता निघते तिनें एक लिटर थंड पाणी उकळीस येईल. वेग ६० ऐवजीं ८० असल्यास ही उष्णता पावणेदोन पटीहून अधिक होते. कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते.

३. या जोडाचा पूर्ववृत्तान्त

ब्रेकास अस्तर लावण्याच्या धंद्याचा आरंभ आमच्या भागाच्या जिव्हाळ्याच्या वस्तूपासून, म्हणजे कापसापासून झाला, हें वाचून वाचकांस कौतुक वाटेल. इंग्लंडांतील डर्बीशायर परगण्यांत हर्बर्ट फ्रूड यानें १८९७ सालीं फेरोडो नांवाचा उद्योग काढिला. त्या डोंगराळ मुलखांत उतारावर घोडागाडीचीं चाकें आवरण्यास लाकडी ठोकळे वापरीत, आणि ते जळूं नयेत म्हणून गाडीवान त्यांस जुन्या जोड्याचें कातडें ठोकीत. फ्रूडनें कातड्याऐवजीं कापसाच्या विणलेल्या पट्ट्यांत राळेसारखीं द्रव्यें मुरवून टिकाऊ ठोकळे तयार केले. मोटारींच्या वेगाबरोबर उष्णता वाढली, कापूस जळूं लागला, आणि १९०८ च्या सुमारास त्याची जागा अ‍ॅस्बेस्टसनें घेतली.

डिस्क-ब्रेकची कल्पनाही याच काळांतील. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज यंत्रज्ञानें १९०२ सालीं तिचें पेटंट घेतलें. पण ती सर्वमान्य होण्यास अर्धें शतक लागलें. १९५३ सालीं फ्रान्सांतील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतींत डनलॉपचे डिस्क-ब्रेक लाविलेल्या जॅग्वार गाडीनें पहिला क्रमांक मिळविला, तेव्हांपासून मोटारींत त्यांचा प्रसार झपाट्यानें झाला. आपल्या प्रांतांतही हा धंदा जुना आहे. मुंबईच्या घाटकोपर भागांत हिंदुस्थान फेरोडो या कंपनीचा कारखाना होता. १९६४ सालीं स्थापन झालेल्या या कंपनीचें नांव पुढें हिंदुस्थान कॉम्पोझिट्स झालें, आणि तिनें आमच्या विदर्भांत भंडारा जिल्ह्यांतही कारखाना काढिला.

४. जोडण्याच्या रीति

अस्तर पट्टीस धरून ठेवण्याच्या मुख्य रीति तीन आहेत.

पहिली रीति रिवेटांची. अस्तरास व पट्टीस भोकें पाडून पितळेचे अगर तांब्याचे रिवेट ठोकतात. ट्रक-बसच्या ड्रम-ब्रेकमध्यें ती अद्याप प्रचारांत आहे, आणि तेथें ती सोयीचीही आहे. कारण अस्तर झिजल्यावर जुने रिवेट काढून त्याच बुटावर नवें अस्तर बसवितां येतें. परंतु अस्तर रिवेटांच्या डोक्यांपर्यंतच वापरतां येतें. पुढें गेल्यास तीं डोकीं तबकडीवर चरे पाडतात. शिवाय सर्व ताण थोड्याशा भोकांभोंवतीं एकवटतो व तेथून भेगा निघतात. लहानशा पॅडास ही रीति फारशी मानवत नाहीं.

दुसरी रीति चिकटविण्याची. पिकअप, मोटार व मोटारसायकल यांच्या पॅडांत आज हीच सर्वत्र आढळते. पट्टी प्रथम तेलविरहित करतात. नंतर पोलादी छऱ्यांचा मारा करून तिचा पृष्ठभाग खरखरीत करतात. त्यायोगें गंज व कीट निघून चिकटद्रव्यास पकड मिळते. मग उष्णतेनें पक्कें होणारें चिकटद्रव्य लावून सांच्यांत पट्टी व अस्तराचें मिश्रण एकत्र ठेवतात, आणि सुमारें दीडशें अंश सेल्सिअस उष्णतेंत मोठ्या दाबाखालीं दाबतात. मध्यें मध्यें दाब सैल करून राळेंतून निघणारी वाफ जाऊं देतात; ती कोंडली तर जोडांत पोकळ्या राहतात. शेवटीं पॅड कित्येक तास भट्टींत ठेवून राळ पुरती पक्की करतात. पुष्कळ पट्ट्यांस मुद्दाम भोकें ठेविलेलीं असतात. दाबाखालीं अस्तराचा मालमसाला त्यांत शिरतो व खुंटीसारखा अडकतो.

तिसरी रीति केवळ यांत्रिक पकडीची. पोलादी पट्टीच्याच अंगांतून हत्यारानें शेंकडों बारीक आंकडे वर उचलतात. सांच्यांत दाबलेलें अस्तर या आंकड्यांभोंवतीं भरून बसतें. कॅनडांतील टोरांटो येथील न्यूकॅप कंपनीनें ही रीति प्रसिद्धीस आणिली. तिच्यांत पकड चिकटद्रव्यावर अवलंबून राहत नाहीं. म्हणून गंजानें अगर उष्णतेनें चिकटा निकामी झाला तरी अस्तर जागेवर राहतें.

आगगाडीचें उदाहरणही येथें देण्याजोगें आहे. सिंदी स्थानकावरून जाणाऱ्या एलएचबी जातीच्या डब्यांस डिस्क-ब्रेक असतात. तबकड्या चाकांमधील आंसावर बसविलेल्या असतात. तेथें पॅडची पाठ आंत रुंद व तोंडाशीं अरुंद अशा खोबणींत सरकवून वर अडसर लावितात. सुतार दोन फळ्या खिळ्यावांचून एकमेकींत अडकवितो, तशीच ही युक्ति. मात्र तेथेंही खोबणींत अडकते ती पाठच. अस्तर त्या पाठीस धरून राहिलें पाहिजे हा नियम तेथेंही सुटत नाहीं.

५. जोड कां सुटतो

पहिलें कारण गंज. लोखंडाचा गंज मूळच्या लोखंडापेक्षां दुपटीहून अधिक जागा व्यापतो. सिमेंटच्या खांबांतील सळई गंजली म्हणजे ती वरचें सिमेंट फोडून बाहेर येते, हें आपण पाहतों. तोच प्रकार येथें होतो. गंज पॅडच्या कडेनें शिरतो आणि पाचरीप्रमाणें अस्तरास पट्टीवरून उचलीत आंत सरकतो. कारखान्यांत पट्टी नीट न घांसतां, गंजावरच रंग अगर चिकटा फांसला असेल, तर हें काम फार लवकर होतें.

आमच्या भागांत या गंजास पोषक गोष्टी पुष्कळ आहेत. काळ्या कपाशीच्या जमिनीचा चिखल कॅलिपरमध्यें बसला म्हणजे वाळूसारखा झडत नाहीं. तो ओल धरून ठेवितो. ज्या गाडींत कापूस नेतात तींतच खतांचीं पोतीं आणतात. युरिया, पोटॅश इत्यादि खतें हवेंतील ओल ओढून घेतात, आणि त्यांचें पाणी लोखंडास खातें. पावसाळ्यांत गाडी अनेक दिवस उभी राहते, तेव्हां ब्रेक न वापरल्यामुळें तेथील ओल सुकत नाहीं. म्हणून आमच्या मतें आमच्याकडील पॅडास खरा धोका हंगामांतील धांवपळीपेक्षां पावसाळ्यांतील बेकारींत अधिक उत्पन्न होतो. हंगामांत तो केवळ उघडकीस येतो.

दुसरें कारण उष्णता. बंडीच्या चाकास धांव चढवितांना लोहार ती तापवितो, ती प्रसरण पावते, आणि पाणी मारतांच आकसून लाकडास घट्ट आवळते. येथें तोच गुण दोष ठरतो. १० सेंटिमीटर लांबीची पोलादी पट्टी २०० अंशांनीं तापली तर सुमारें पाव मिलिमीटर वाढते. अस्तर त्याच मापानें वाढत नाहीं. दर वेळीं तापण्या-निवण्यांत जोडाच्या कडांवर ओढाताण होते. ओझें अधिक, वेग अधिक आणि ब्रेकवर पाय ठेवून चालविण्याची संवय, या तिहींच्या योगानें राळही करपते.

तिसरें कारण कॅलिपरचें अडकणें. कॅलिपर ज्या खिळ्यांवर सरकतो ते गंजले, अगर त्यांचीं रबरी टोपणें फाटलीं, म्हणजे ब्रेक सोडल्यावरही पॅड तबकडीस घांसत राहतें. तें एका टोकास अधिक झिजतें व विनाकारण तापतें. मेस्त्री पॅड बदलतो. खिळे तसेच राहतात. नवें पॅडही त्याच वाटेनें जातें.

चौथें कारण तेल. चाकाच्या बेअरिंगचें ग्रीस, गळकें ब्रेक-ऑइल, अगर सफाईसाठीं वापरलेलें डिझेल व रॉकेल अस्तराच्या छिद्रांत मुरतें. त्यानें घर्षण कमी होतें, आणि ओल्या ठिकाणीं उष्णता पोंचतांच अस्तर कमकुवत होतें.

पांचवें कारण मारझोड. पॅड खांचेंत सहज सरकत नसेल तर कांहीं लोक त्यास हातोडीनें ठोकतात. खांचेंतील गंज घांसून काढणें हा त्यावरील उपाय. ठोकल्यानें पट्टी किंचित् वांकते आणि ठिसूळ अस्तराच्या जोडास तडा जातो.

६. परीक्षा कशी करावी

चालकानें बसल्या जागीं ओळखावयाच्या खुणा अशा : ब्रेक दाबतांच लोखंडावर लोखंड घांसल्याचा आवाज, पुढें जातांना व मागें घेतांना ब्रेक लाविल्यावर एक-एक ठोका, गाडी एका बाजूस ओढणें, पेडल पूर्वींपेक्षां खोल जाणें, ब्रेक-ऑइलची पातळी अकस्मात् उतरणें. यांतील शेवटच्या दोन खुणा अत्यंत गंभीर समजाव्या. अस्तर निखळून पडलें म्हणजे पिस्टनास तेवढें अधिक बाहेर यावें लागतें. तो फार बाहेर आला तर तेल गळतें आणि त्या तेलावर चालणारे सर्व ब्रेक जातात.

प्रत्यक्ष तपासणी करण्यास गाडी सपाट जागीं उभी करावी, दुसऱ्या चाकांस उट्या लावाव्या, जॅकखेरीज पक्का आधार द्यावा, चाक काढावें व पॅड बाहेर घ्यावें. नंतर पुढील क्रम ठेवावा.

(अ) पॅड आडवें धरून विजेरीच्या उजेडांत चारही बाजूंनीं जोडाची रेघ पाहावी. ती सर्वत्र सरळ व बंद असली पाहिजे. रेघेंतून तांबडा गंज फुगून बाहेर आला असल्यास पॅड बाद. पट्टीच्या पाठीवरील हलका गंज मात्र तेवढ्यानें दोषास्पद नव्हे.

(आ) वहीच्या कागदाची कड त्या रेघेंत घालून पाहावी. कागद कोठेंही आंत शिरला तर पॅड बाद. पेचकसानें अस्तर उचकटून पाहूं नये; त्यानें चांगला जोडही बिघडतो.

(इ) अस्तराची जाडी दोन्ही टोकांस मोजावी. एक टोक स्पष्ट बारीक असल्यास कॅलिपरचे खिळे तपासल्यावांचून नवें पॅड बसवूं नये.

(ई) अस्तराच्या तोंडावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेलेली भेग, अगर जोडाजवळून आडवी गेलेली भेग दिसल्यास पॅड बाद. कारखान्यांत मुद्दाम पाडलेली सरळ चीर ही भेग नव्हे. ती धूळ व वायु जाण्यासाठीं असते.

(उ) आंतील बाजूचें पॅड अवश्य पाहावें. चाकाच्या फटींतून दिसतें तें बहुधा बाहेरचें. चिखल व ओल आंतल्या बाजूस अधिक सांचते.

ही तपासणी वर्षांतून दोनदां व्हावी : एकदां पावसाळा संपल्यावर कापसाच्या वाहतुकीपूर्वीं, आणि दुसऱ्यानें उन्हाळ्याच्या अखेरीस. एक पॅड बाद ठरल्यास त्या आंसावरील दोन्ही चाकांचीं सर्व पॅड एकदम बदलावीं. नाहीं तर गाडी एकीकडे ओढेल.

७. खरेदी व बसविणें

पॅड घेतांना पाकिटावर व पट्टीवर निर्मात्याचें नांव व उत्पादनाचा क्रमांक आहे कीं नाहीं हें पाहावें. कांहीं पॅडांवर दोन इंग्रजी अक्षरें छापलेलीं असतात, उदाहरणार्थ एफ्-एफ्. हीं अक्षरें थंड व तापलेल्या स्थितींतील घर्षणाचा दर्जा दाखवितात. एफ् म्हणजे घर्षणांक ०.३५ ते ०.४५. दुकानदार त्यावरून पॅड ‘मजबूत’ असल्याचें सांगतो, पण या अक्षरांचा जोडाच्या मजबुतीशीं कांहीं संबंध नाहीं. जोडाची परीक्षा निराळी आहे. पट्टी घट्ट धरून अस्तरास आडवा दाब देतात व तें किती भारानें सुटतें हें मोजतात. ही परीक्षा दुकानांत होत नाहीं; म्हणून ज्याचें नांव-गांव ठाऊक आहे अशा निर्मात्याचा माल घ्यावा, आणि पावती ठेवावी. खरेदीच्या वेळीं आपणही इतकें पाहूं शकतों : जोडाची रेघ अखंड आहे, पट्टी सपाट आहे, रंगाखालीं गंजाचे फोड नाहींत, पट्टीच्या भोकांत मसाला पूर्ण भरला आहे.

सुटलेलें अस्तर घरगुती इपॉक्सीनें पुनः चिकटविण्याचा मोह कोणीही धरूं नये. अशीं द्रव्यें साध्या उष्णतेंतच मऊ पडतात, आणि येथें कित्येक शेंकडा अंशांची गांठ आहे. वर सांगितलेली सफाई, दाब व भट्टी गॅरेजांत मिळणें शक्य नाहीं. ड्रम-ब्रेकच्या बुटास रिवेटांनीं नवें अस्तर लावून घेणें ही गोष्ट निराळी. ती मान्य रीति आहे. डिस्कचें पॅड मात्र एकदां सुटलें कीं भंगारांत टाकावें.

बसवितांना खांचेंतील गंज तारेच्या ब्रशानें काढावा, सरकते खिळे साफ करून त्यांस उष्णता सोसणारें, त्याच कामाचें ग्रीस लावावें, आणि पॅड हातानें बसेल इतकें मोकळें करावें. पट्टीचे कान कानशीनें घांसून पॅड बळेंच बसवूं नये. नंतर मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगावरून आठ-दहा वेळां हळू ब्रेक लावून वेग कमी करावा, व मध्यें गाडी चालती ठेवून ब्रेक निवूं द्यावा. नव्या अस्तरांतील उरलेले वायु यानें निघून जातात व तबकडीवर सारखा थर बसतो. पहिल्याच दिवशीं पूर्ण ओझें भरून गाडी हाकूं नये.

ट्रॅक्टरविषयीं दोन शब्द. आजच्या पुष्कळ ट्रॅक्टरांत तेलांत बुडालेल्या अनेक तबकड्यांचा ब्रेक असतो. त्या तबकड्यांवरही अस्तर जोडलेलेंच असतें. तेथें कागदाची परीक्षा चालत नाहीं. निर्मात्यानें सांगितलेलेंच तेल वापरावें, वेळेवर बदलावें, आणि काढलेल्या तेलांत अस्तराचे तुकडे दिसल्यास लगेच ब्रेक उघडून पाहावा.

८. धुळीविषयीं इशारा

जुन्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टस असण्याचा संभव असतो, आणि केवळ पाहून तें ओळखतां येत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें अ‍ॅस्बेस्टसच्या सर्व जाति कर्करोगास कारण होतात. तिचे तंतु डोळ्यांस न दिसतां श्वासाबरोबर फुप्फुसांत जातात. म्हणून ब्रेकची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेनें उडवूं नये व कोरड्या ब्रशानें झाडूं नये. ती पाण्यानें ओली करून फडक्यानें पुसावी, फडकें पिशवींत बांधून टाकावें, आणि लहान मुलांस त्या जागेपासून दूर ठेवावें. गॅरेजांत हें काम रोज करणाऱ्या पोरांच्या जिवाची काळजी गाडीच्या मालकानेंही घेतली पाहिजे. धूळ उडवूं नको, असें सांगण्यास त्याला पैसा पडत नाहीं.

उपसंहार

ही तपासणी एकेकट्यानें करण्यापेक्षां गांवानें मिळून केली तर अधिक सुकर होईल. कापसाची वेंचणी सुरू होण्यापूर्वीं एक दिवस नेमून, माहितगार मेस्त्रीस बोलावून, गांवांतील सर्व मालवाहू गाड्यांचीं पुढील चाकें उघडून पाहावीं. गाडीचा क्रमांक, तारीख, अस्तराची जाडी व जोडाची स्थिति एका वहींत लिहावी. पुढील वर्षीं तीच वही सांगेल कीं कोणतें पॅड किती टिकलें व कोणतें जोडांत सुटलें. अशा वहीवरून कोणता माल घ्यावा हें दुकानदाराच्या जिभेपेक्षां अधिक खात्रीनें कळेल.

पोळ्यास आपण बैलाचे खूर, शिंगें व खांदा पाहून त्याची निगा राखतों. कारण त्याच्या अंगावर आपलें वर्ष अवलंबून असतें. सिंदीस तान्ह्या पोळ्याला लहान मुलें लाकडी नंदी ओढतात, त्यांसही ही शिकवण लहानपणींच मिळते. यांत्रिक वाहनाची निगा याच भावनेनें राखली पाहिजे. चाक उघडलें म्हणजे केवळ अस्तराच्या जाडीवर समाधान मानूं नये. पॅड आडवें धरून जोडाची रेघ पाहावी, आणि तिच्यांत कागद शिरला तर त्या पॅडवर एक फेरीही करूं नये.